पायझुळूक वटीत काय होतं

सकीना तुंगेकरला लेबलं वाचायची खोड होती. पनवेलच्या उरण नाक्याजवळचं तिचं औषधांचं दुकान तिच्या अब्बांनी सुरू केलेलं. ते गेल्यापासून नऊ वर्षं तीच चालवत होती. नवरा इलियास दोह्याला नोकरीत, मुलगी माहनूर नववीत. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की सकीना नवं आलेलं एखादं खोकं घेऊन बसे आणि चारही बाजूंनी वाचून काढी, अगदी तळाच्या बारीक अक्षरांतल्या कारखान्याच्या पत्त्यापर्यंत. अम्मी, तुझी याच्यावर परीक्षा आहे का, असं माहनूर तिला विचारायची.

शांती कोळी मच्छी मार्केटात बसायची. साठीला टेकलेली, दोन्ही गुडघे झिजलेले. गेली सात वर्षं दर पंधरा दिवसांनी ती दुकानात येऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची दुखण्याची गोळी आणि मलम घेऊन जायची. पायरी उतरताना एक हात शटरच्या खांबावर आणि दुसरा स्वतःच्या कमरेवर. गणपतीनंतर ती यायची बंद झाली. दुसरं दुकान धरलं असेल, असं सकीनाला वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सकीना मांदेली घ्यायला मार्केटात गेली, तेव्हा शांती बर्फाचं घमेलं उचलून ताठ चालत येत होती. सकीना बघतच राहिली. जवळ गेल्यावर तिला आणखी काही दिसलं. शांतीचं उभट तोंड गोल झालं होतं, गालांवर चकाकी आली होती आणि कोपरापाशी दोन-तीन ठिकाणी निळेजांभळे डाग होते. कुठे आपटलीस का मावशी, असं विचारल्यावर शांती म्हणाली की आपटायला काय, आता ती धावतेसुद्धा. मग तिने पाटाखालच्या पिशवीतून एक पिवळं खोकं काढून दाखवलं.

"मना आता काय होत नाय. सात वरसांचं दुखणं तीन दिसांत गेलं."

खोक्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: पायझुळूक वटी. त्याखाली 'आयुर्वेदिक पेटंट औषध, शंभर टक्के वनस्पतीजन्य, कोणताही दुष्परिणाम नाही'. मध्ये फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो आणि नाव, वैद्य धर्मराज. शांती सांगत होती की धर्मराज त्यांच्यातलेच, खाडीकाठचे. तिच्या सासूचे गुडघे त्यांनीच चोळले होते. आता वय झालं म्हणून त्यांचा पुतण्या कल्पेश दर मंगळवारी स्कूटरवरून मार्केटात वटी आणून देतो. इथल्या निम्म्या बायका घेतात.

सकीनाने मांदेलीऐवजी ते खोकंच जास्त वेळ हातात धरलं. एक रिकामं खोकं आणि दहा वट्या मिळतील का, असं तिने विचारलं. शांतीने हसत दिल्या. तुझ्या अम्मीला दे, म्हणाली.

दुकानात येऊन सकीनाने खोकं काउंटरवर ठेवलं आणि भिंग काढलं. एका वटीचं वजन तीनशे मिलिग्रॅम लिहिलं होतं. खाली घटक होते: शल्लकी, रास्ना, निर्गुंडी, सुंठ. प्रत्येकापुढे आकडा. तिने चारही आकड्यांची बेरीज केली, ती साडेचारशे आली. तीनशेच्या वटीत साडेचारशे कसं मावतं, याचा ती विचार करत राहिली. शेजारच्या सराफाकडे जाऊन तिने दहा वट्या काट्यावर ठेवायला लावल्या. त्याने चष्म्यावरून बघत विचारलं की भाभी, हे सोनं कुठल्या खाणीतलं? वजन भरलं तीन ग्रॅमला थोडं कमी. म्हणजे वटी खरोखर तीनशेच्या आसपासची होती आणि घटकांचे आकडे कुणीतरी मनाने टाकले होते.

उत्पादनाची तारीख नव्हती. 'तयार केल्यापासून तीन वर्षे' एवढंच होतं, पण तयार केव्हा केलं ते कुठेच नाही. परवाना क्रमांक होता. पत्ता होता: गाळा क्रमांक तीन, विचुंबे, तालुका पनवेल.

त्या दिवशी संध्याकाळी शांती घरी जाताना दुकानावरून गेली, तेव्हा सकीनाने तिला आत बोलावून बोटाला सुई टोचून साखर बघितली. तीनशे बारा. वर्षापूर्वी शांतीला साखर नव्हतीच. झोप लागते का, असं विचारलं तर नाही. भूक? घरातलं सगळं संपवते, म्हणाली. चार वर्षं औषधशास्त्र शिकलेल्या बाईला यापुढे फार विचार करायची गरज नव्हती. गोल चेहरा, निळे डाग, वाढलेली साखर, उडालेली झोप, तीन दिवसांत पळालेलं दुखणं, हे सगळं एकाच जातीच्या औषधाकडे बोट दाखवत होतं. त्याला स्टेरॉइड म्हणतात. पण खोक्यावर तर फक्त झाडपाला होता. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हेही तिला कळत होतं.

तिने शांतीला दोन गोष्टी सांगितल्या. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि हे खोकं बरोबर ने. आणि या गोळ्या मनाने एकदम बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तशाच कमी कर. स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं; अचानक थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. हे सगळं तिने सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. शांतीचा चेहरा मात्र बदलत गेला.

"तुज्या गोळ्या खपत नाय म्हणून बोलतेस काय, बाय?" ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

सकीनाला ते फार लागलं. तिने फोनवर इलियासला सांगितलं. तो म्हणाला, तू कशाला पडतेस यात, लोकांना बरं वाटतंय तर वाटू दे. तिने वाद घातला नाही. पण तिला चैन पडेना. एक विचार सारखा येत होता. खोक्यावरचा म्हातारा खरा आहे, शांतीच्या सासूचे गुडघे त्याने चोळलेत. मग त्याने असं का करावं? आणि केलं असेल, तर स्वतःचा फोटो का छापावा?

शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुकान बंद असायचं. ती रिक्षा करून विचुंब्याला गेली. गावाच्या कडेला नव्या इमारतींची रांग होती. त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर गाळा क्रमांक तीन सापडला. शटर निम्मं खाली, बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा चाफ्याच्या सावलीत बसलेला. फेटा नव्हता, डोकं उघडं आणि टक्कल पडलेलं, पण चेहरा तोच. तिने खोकं पुढे केलं आणि हे तुम्हीच का, काका, असं विचारलं.

"मी हाय तो," म्हातारा म्हणाला, "पन फेटा मी जन्मात बांधला नाय. फोटोवाल्यानं घातला."

तो बोलका होता आणि त्या दुपारी त्याला ऐकणारं कुणी नव्हतं. त्याने सांगितलं की उरणच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं घर होतं. जाळी ओढून माणसांचे सांधे जायचे, तर त्याचा बाप निर्गुंडीचा पाला उकळून तेल करायचा आणि चूर्ण द्यायचा. तेच तो शिकला. कागदोपत्री वैद्य तो कधीच नव्हता, ती पदवीही फोटोवाल्याबरोबरच आली. चोळायला एक तास, चूर्ण घ्यायला तीन महिने, मग कुठे फरक पडायचा. कुणाला पडायचाही नाही. बायको गेल्यावर पुतण्या कल्पेशने त्याला इथे आणलं. पोरगा चांगला, दोन वेळचं गरम जेवण, आजारपणात रात्रभर उशाशी. त्यानेच सुचवलं की काकांची विद्या वाया का जावी, तिच्या वट्या करू. धर्मराजने त्याला झाडं दाखवली, प्रमाण सांगितलं. पहिल्या खेपेला त्याने स्वतः सुंठ कुटून दिली होती.

"आता कुठे कुटता?" सकीनाने विचारलं.

आता कारखान्यातून येतं, असं तो म्हणाला. तिने विचारलं की काका, तुम्ही स्वतः घेता का ही वटी? तुमचेही गुडघे दुखत असतील.

म्हाताऱ्याने खोकं उलटं करून मांडीवर ठेवलं. मग हळू आवाजात त्याने सांगितलं की एकदा घेतली होती, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तो जिना चढून गच्चीवर गेला, जे त्याला दोन वर्षांत जमलं नव्हतं. आणि गच्चीवर उभा राहून तो घाबरला.

"माज्या औषधाचा हात मला ठावा हाय, पोरी. तो असा पळवत नाय. हा दुसऱ्या कुनाचा हात हाय."

मग पुतण्याला का विचारलं नाहीत, असं तिने विचारलं. यावर त्याने जे उत्तर दिलं ते तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. तो म्हणाला की रस्त्यात माणसं पाया पडायला लागली होती. आयुष्यभर कुणी पडलं नव्हतं. आणि पोरगा जेवायला वाढतो, त्याला कुठल्या तोंडाने विचारू.

सकीनाने त्याला आपला संशय सांगितला. स्टेरॉइड हा शब्द त्याने ऐकला नव्हता. ते कशानं बनतं, पोटात गेल्यावर काय करतं, ते वटीत मिसळलं तर दिसतं का, वास येतो का, असे एकामागून एक प्रश्न त्याने विचारले. तिने जमेल तेवढी उत्तरं दिली. शेवटी आत नक्की काय आहे ते कसं कळणार, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, सरकारी प्रयोगशाळेत. मग त्याने उठून शटरखाली वाकून एक सीलबंद खोकं आणून तिच्या हातात दिलं.

सोमवारी सकीनाने औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिली. लेबलातल्या चुका एकेक करून लिहिल्या, सराफाच्या काट्यावरचं वजनही लिहिलं आणि म्हाताऱ्याने दिलेलं सीलबंद खोकं सोबत जोडलं. महिनाभर काही होणार नाही असं तिला वाटलं होतं. आठव्या दिवशी औषध निरीक्षक विश्वजीत भोईटे तिच्या दुकानात आले. पस्तिशीचा शांत माणूस, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. त्यांनी सांगितलं की परवाना क्रमांक त्यांनी तपासला, तो तिसऱ्याच जिल्ह्यातल्या, चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका कारखान्याचा होता. म्हणजे लेबल खोटं, हे कागदावरच ठरलं होतं. आत काय आहे ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

"मॅडम, मला अंदाज सांगायचा नाही, अहवाल दाखवायचा आहे," ते म्हणाले. "कोर्टात अंदाज टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी ते दोन सहकारी आणि दोन पंच घेऊन विचुंब्याला गेले. तिथे काय झालं ते सकीनाला नंतर धर्मराजनेच सांगितलं. कल्पेश आधी हसत होता, साहेब, झाडपाल्याला कसला परवाना, म्हणत होता. निरीक्षकांनी विचारलं की सगळा माल एवढाच का? कल्पेश हो म्हणाला. तेव्हा धर्मराज खुर्चीतून उठला आणि त्यांना मागच्या मोरीशेजारच्या खोलीत घेऊन गेला. तिथे पोत्यांत सुट्या वट्या होत्या, आणि रिकामी पिवळी खोकी, आणि त्याच्या चेहऱ्याचे गठ्ठेच्या गठ्ठे छापील कागद. कल्पेशने काकाकडे बघितलं.

निरीक्षकांनी नमुने घेतले, त्यांचे भाग करून कल्पेशच्या देखत सील लावलं. एक भाग त्याला दिला, एक प्रयोगशाळेला पाठवायला ठेवला. बाकीचा माल जप्त झाला, गाळ्याला टाळं लागलं. जबाबात कल्पेशने सांगितलं की पहिल्या दोन खेपा खरंच काकांच्या चूर्णाच्या होत्या. त्या कुणी दुसऱ्यांदा मागितल्या नाहीत. मग परराज्यातला एक माणूस भेटला. त्याच्याकडे तयार वट्या किलोवर मिळायच्या. आयुर्वेदिकच आहे, जरा कडक आहे, एवढंच तो म्हणाला. आत काय आहे हे विचारलंत का, असं निरीक्षकांनी विचारलं. कल्पेश म्हणाला, नाही विचारलं.

सकीनाला हे कळलं तेव्हा समाधान वाटायच्या आधी दुसरीच भीती वाटली. त्या मंगळवारी कल्पेशची स्कूटर मार्केटात गेली नव्हती आणि पुढच्या मंगळवारीही जाणार नव्हती. निम्म्या बायका वटी घेत होत्या. जिच्या घरातल्या संपतील तिची वटी त्या दिवसापासून एकदम बंद. तिने निरीक्षकांना फोन केला. त्यांनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की अहवाल येईपर्यंत वटीत अमुक आहे असं ते जाहीर म्हणू शकत नाहीत. पण विनापरवाना औषध सापडलं आहे, घेणाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी, अशी सूचना ते आजच काढतील आणि आरोग्य केंद्रांना कळवतील. त्यांनी ती काढलीही. पण मच्छी मार्केटात सरकारी सूचना वाचत कोण बसतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सकीना स्वतः गेली. शांतीने तोंड फिरवलं आणि गिऱ्हाइकाशी कोलंबीचं बोलत राहिली. वटी एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडे जा, असं सकीनाने शेजारच्या दोघींना सांगितलं; त्यांनीही मान वर केली नाही. कल्पेशच्या गाळ्याला टाळं कुणामुळे लागलं ते सगळ्यांना कळलं होतं.

चौथ्या दिवशी शांती पाटावर बसल्याजागी कलंडली. सकाळपासून तिला ओकाऱ्या होत होत्या. शेजारणींना वाटलं पित्त असेल. त्यातल्या एकीला, हौसाला, सकीनाने सांगितलेलं आठवलं आणि ती धावत दुकानात आली. सकीनाने शटर तसंच उघडं टाकलं. रिक्षात शांतीचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. अंग गार, नाडी बोटाला लागत नव्हती. हॉस्पिटलात तिने डॉक्टरांना एका दमात सांगितलं: तीन महिने अज्ञात वटी, स्टेरॉइडचा संशय, चार दिवसांपासून अचानक बंद. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न न विचारता सलाइन लावलं आणि इंजेक्शन दिलं. तासाभराने रक्तदाब वर आला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की तुम्ही हे सांगितलं नसतं, तर आम्ही आधी पोटाच्या तपासण्या करत बसलो असतो.

संध्याकाळी शांती शुद्धीवर होती. तिने सकीनाचा हात धरला, पण कसली माफी-बिफी मागितली नाही. तिने फक्त विचारलं की मोरा बंदराजवळच्या जनीच्या घरीही हीच वटी आहे, तिला कुणी सांगितलं का?

तेव्हा सकीनाने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून धर्मराजला फोन लावला. कुणाकुणाला वटी जात होती ते कल्पेशच्या मोबाइलमध्ये असेल, आणि मोबाइल जप्त. पण सरकारी कागदांतून नावं निघेपर्यंत वाट बघायला वेळ नव्हता. म्हातारा म्हणाला की मोबाइल कशाला हवा. माणसं त्याचीच होती. बापाच्या काळापासूनची घरं त्याला पाठ होती.

दुसऱ्या सकाळपासून तो निघाला. पहिले दोन दिवस एसटीने आणि सहा आसनी रिक्षाने एकटाच फिरला, मग निरीक्षकांनी आरोग्य केंद्रातली एक नर्स बरोबर दिली. दारात उभा राहून तो पिवळं खोकं दाखवायचा, मग स्वतःचा चेहरा दाखवायचा आणि सांगायचा की फोटो माझा हाय, औषध माझं नाय. गोळी आज फेकू नका, आज डॉक्टरकडे जा. काही घरांत त्याला पाणी मिळालं, काही घरांत शिव्या. एका म्हाताऱ्याने उरलेल्या वट्या लपवून ठेवल्या आणि संपल्या म्हणून सांगितलं. धर्मराज त्याच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून राहिला, तेव्हा त्या निघाल्या. अकरा दिवसांत तो एकशे सहा जणांपर्यंत पोचला. त्यांतले सात जण हॉस्पिटलात दाखल करावे लागले. दगावलं कुणी नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल सव्विसाव्या दिवशी आला. विश्वजीत भोईट्यांनी दुकानात येऊन त्याची प्रत सकीनाला दाखवली. प्रत्येक वटीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं आणि त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅक, म्हणजे जी दुखण्याची गोळी शांती सात वर्षं सकीनाकडून नेत होती तीच. शल्लकी, रास्ना, निर्गुंडी यांचा मागमूस नव्हता. रंगासाठी हळद होती. सकीनाने ती ओळ पुन्हा वाचली. आपलंच औषध पिवळं होऊन मावशीच्या पिशवीत गेलं होतं, आणि आपण ते ओळखलं नव्हतं.

पुढे पायझुळूक वटीवर राज्यभर बंदीचा आदेश निघाला. बनावट औषध आणि खोट्या लेबलाचा खटला पनवेलच्या कोर्टात उभा राहिला. कल्पेश जामिनावर सुटला. परराज्यातल्या यंत्रणेने त्या माणसाची खोली शोधून काढली. तिथे गोळ्या पाडायचं यंत्र होतं आणि आणखी अकरा नावांची लेबलं. त्या अकरांचा माल कुठल्या जिल्ह्यांत जातो, हे शोधायचं काम अजून चालू आहे. निरीक्षक मध्येच एखादं खोकं घेऊन सकीनाकडे येतात आणि तिला वाचायला देतात.

शांतीचं औषध डॉक्टरांनी पाच महिने थोडं थोडं करत उतरवलं. तोंड पुन्हा उभट झालं, साखर बरीच खाली आली. गुडघे पुन्हा दुखायला लागले. बर्फाचं घमेलं आता तिची सून किशोरी उचलते, शांती स्टुलावर बसून भाव सांगते. ती पुन्हा दर पंधरा दिवसांनी दुकानात येते, आणि नवीन गोळी दिली की आधी सकीनाकडून तिच्यावरचं सगळं वाचून घेते.

धर्मराज विचुंब्यातच राहतो. खटल्यात तो सरकारी साक्षीदार आहे आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तोच त्याला जेवायला वाढतो. कसं होतं हे, असं सकीनाने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला की पहिले दोन महिने पोरगा ताट ठेवून निघून जायचा. आता समोर बसतो. बोलत नाही, पण बसतो.

उन्हाळ्यात एक दिवस तो दुकानात आला आणि कापडी पिशवीतून एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. त्याने स्वतः कुटलेलं चूर्ण होतं. सकीनाला वाटलं की हा पुन्हा लोकांना द्यायला लागला की काय. तसं नव्हतं. कुणालाही द्यायचं नाही, हे त्याने निरीक्षकांना कबूल केलं होतं आणि पाळलंही होतं. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. कल्पेशची वटी तपासली, तिच्यात काय ते कळलं. मग हीपण तपासा.

सकीनाने मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेची चौकशी केली आणि पुडी पाठवली. पंधरा दिवसांनी कागद आला. स्टेरॉइड नाही, दुखण्याची गोळी नाही, शिसं वगैरे मर्यादेच्या आत. तिने त्याला बोलावून सगळं वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग विचारलं, "वाईट काय नाय, ते कळलं. पन गुन काय हाय का?"

गुण या कागदातून कळत नाही, असं तिने सांगितलं. त्यासाठी दुखणाऱ्या माणसांचे दोन गट करावे लागतात, एकाला हे चूर्ण, दुसऱ्याला नुसती तशीच दिसणारी पूड, आणि कुणाला काय दिलं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. महिनोन्महिने नोंदी ठेवाव्या लागतात. असं या चूर्णाचं कुणी कधी केलेलं नाही.

धर्मराज खुर्चीत मागे टेकला. सत्तावन्न वर्षं तो लोकांना हे देत आला होता. त्याआधी त्याचा बाप. लोक बरे झालो म्हणायचे, काही नाही म्हणायचे. ते चूर्णाने होत होतं, की तासभर चोळण्याने, की दुखणं आपोआपच उतरत होतं, हे त्याने कधी वेगळं करून बघितलं नव्हतं. असं वेगळं करता येतं, हेच त्याला आज कळत होतं. त्याला वाईट वाटेल अशी सकीनाला भीती होती, पण त्याचे डोळे चमकत होते.

"नाय निघाला गुन, तर?" त्याने विचारलं.

"तर तेही कळेल, काका."

सकीनाच्या जुन्या कॉलेजातल्या प्राध्यापिका वनस्पतींवर काम करत होत्या. तिने त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या की माणसांवर बघायची गोष्ट फार लांबची, आधी पाला कुठल्या झाडाचा, कुठल्या महिन्यात तोडलेला, हे सगळं नक्की करावं लागेल. सकीनाने फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो उभं राहून बोलायला लागला. पाला पौषात तोडायचा, फुलं यायच्या आधी नाय, फुलं गेल्यावर. खाडीकडच्या बाजूचा वेगळा आणि डोंगराकडचा वेगळा, दोन्ही आणून देतो. पलीकडून प्राध्यापिकांनी काही विचारलं असावं, कारण तो थांबला, विचारात पडला आणि म्हणाला, "ते मला सांगता येनार नाय, बाई. तुमी या, झाडाजवळ उभं राहून बघू."